काशीचा उजेड आणि कॅमेऱ्याचा डोळा

काशीचे घाट पूर्वाभिमुख आहेत. यात्रेकरूला ही गोष्ट जितकी पुण्यप्रद वाटते, तितकीच चलच्चित्र घेणाऱ्याला ती अवघड वाटते. गंगा येथे वळून उत्तरेकडे वाहू लागते. नगर तिच्या पश्चिम तीरावर वसलेले आहे आणि समोरच्या तीरावर दूरवर नुसती रेती पसरली आहे. त्या रेतीवरून सूर्य वर येतो तो थेट पायऱ्यांवर. पाणी, ओली अंगे, पितळेचे तांबे, पंचगंगेपासून अस्सीपर्यंतचे दगड, सारे एकदम झळाळून उठते. आणि याच घाटांच्या पाठीमागे अशा गल्ल्या आहेत की त्यांत भर दुपारीही दिवा लावावा. गल्लीतून घाटावर येणारा माणूस क्षणभर डोळे मिचकावतो आणि पुढे चालू लागतो. त्याच्या डोळ्याने तेवढ्यात केवढे काम केले याची त्याला वार्ताही नसते. कॅमेऱ्याला हे काम इतक्या सहजी साधत नाही. गल्लीचा अंधार दिसावा म्हणून त्याचा डोळा उघडावा तर घाट पांढरा फटक होतो, आणि घाट नीट दिसावा म्हणून डोळा आवळावा तर गल्लीतली माणसे काजळीत बुडतात.

गेल्या सव्वाशे वर्षांत या घाटांवर नाना जातींचे कॅमेरे येऊन गेले. हाताने दांडा फिरवून चालवायचे आले, विजेवर चालणारे आले, आणि आता ज्यांच्या पोटात फिल्म मुळीच नाही असे डिजिटल कॅमेरे आले आहेत. चित्रपटव्यवसायातली दोन माणसे आज भेटली की आरी कंपनीचा अलेक्सा बरा, सोनीचा व्हेनिस बरा, की रेड बरा, हा वाद हटकून निघतो, आणि तो बहुधा आकड्यांवर चालतो. बैलबाजारात दात मोजावेत तसे चित्रातले बिंदू मोजले जातात. चार हजार, सहा हजार, आठ हजार! आकडे खोटे नसतात. परंतु दात मोजून बैलाची चाल कळत नाही. मला ही तुलना काशीच्या घाटावर उभे राहून करावीशी वाटते. ज्याला ही नगरी पेलली त्याला बहुतेक सर्व काही पेलते, आणि पूर्वीच्या कॅमेऱ्यांना ती का पेलली नाही हे समजल्यावाचून आजच्यांचे मोलही नीट कळत नाही.

काशीचे जे अगदी जुने चलच्चित्र आज उपलब्ध आहे ते १८९९ सालचे आहे, आणि त्याचे नावच चुकीचे आहे. वॉरविक ट्रेडिंग कंपनी या इंग्रजी संस्थेने ते ‘गंगेवरून दिसणारा कलकत्त्याचा देखावा’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली विकले. प्रत्यक्षात चित्रात दिसतात ते काशीचे घाट. कॅमेरा नावेत ठेवलेला आहे, नाव सरकते आहे, आणि पायऱ्या, छत्र्या, स्नानाला आलेली माणसे एकामागून एक पुढे येऊन मागे जात आहेत. बस, एवढेच. उघड्यावर, दिवसाउजेडी, लांबून: त्या काळच्या यंत्राला जेवढे जमण्यासारखे होते तेवढे त्याने केले. गल्लीत ते शिरले नाही, चितेजवळ गेले नाही, रात्री तर त्याचा काहीच उपयोग नव्हता. शहर कोणते हेसुद्धा विकणाऱ्याला नीट ठाऊक नसावे, यावरून त्या पाहण्याची खोली ध्यानात येते.

यानंतर तेरा वर्षांनी एका मराठी माणसाने लंडनमध्ये कॅमेरा विकत घेतला. धुंडिराज गोविंद फाळके १९१२च्या फेब्रुवारीत विम्याची पॉलिसी गहाण ठेवून विलायतेला गेले, ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक केबोर्न यांना भेटले, हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम पाहिले, आणि एप्रिलमध्ये परत आले. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा त्यांनी पसंत केला होता. ती एक लाकडी पेटीच म्हणावयाची. सेकंदाला दोन फेरे या गतीने दांडा फिरवावयाचा, म्हणजे एका फेऱ्यात आठ आणि सेकंदात सोळा चित्रे उमटत. फिरवणाऱ्याचा हात हीच त्या यंत्राची घड्याळाची कमान. हात अडखळला की पडद्यावरचा राजा अडखळे. चित्रण चालू असताना लेन्समधून नेमके काय दिसते आहे हे पाहण्याची सोय नव्हती. अंदाज आणि अनुभव यांवरच सारी भिस्त. फाळक्यांनी पहिल्याने काय केले, तर कुंडीत वाटाणा पेरून, थोड्याथोड्या अंतराने एकेक चित्र घेत, कोंबाचा वेल झालेला एका मिनिटात दाखविला. त्या प्रयोगावर त्यांना भांडवल मिळाले.

मग त्यांनी कथा निवडली हरिश्चंद्राची. या कथेचा उत्तरार्ध सगळा काशीतला आहे हे आपल्या ध्यानात असेलच. राजा येथेच विकला जातो, डोंबाच्या घरी चाकरी करतो, आणि रोहिदासाचे प्रेत घेऊन आलेल्या तारामतीकडे मसणवट्याचे शुल्क मागतो. काशीत आजही एक स्मशानघाट त्याच्या नावाने ओळखला जातो. परंतु ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये जो ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, तो काशीचे तोंडही न पाहता तयार झाला होता. दादरच्या मुख्य रस्त्यावरील बंगल्यात देखावे उभारले गेले, बाहेरची दृश्ये वांगणीला घेतली. लाकडी तलवारी घेतलेली ही मंडळी पाहून वांगणीच्या गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचा संशय आला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. कॅमेऱ्यामागे होते नाशिककडचे त्र्यंबक तेलंग. त्यांनाही दांडा फिरवायला फाळक्यांनीच शिकविले होते.

फाळके काशीला गेले नाहीत याचे उघड कारण पैसा. पण गेले असते तरी काय हाती लागले असते, असा प्रश्न मी स्वतःला विचारतो तेव्हा उत्तर निराशाजनक येते. त्या काळची फिल्म निळ्या-हिरव्या प्रकाशाला जागी होती आणि तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. कुंकू तिला काळे दिसे. भगवे वस्त्र काळपट दिसे, गेरूने रंगविलेली भिंत अंधारी दिसे. संन्याशाला चित्रात आणावे तर तो कोळशाने माखल्यासारखा उमटावा! आणि रात्री जळणाऱ्या चितेचा उजेड हा तर बव्हंशी तांबडाच असतो. डोळ्यांना धगधगीत दिसणारी ती आग त्या फिल्मवर क्षीण, मलूल उमटली असती आणि भोवतालची माणसे उमटलीच नसती. हरिश्चंद्राची सारी कथा ज्या प्रकाशात घडते, तो प्रकाश पाहण्याचे इंद्रियच त्या कॅमेऱ्याला नव्हते.

पुढचा योग मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे. १९२०च्या सुमारास हिंदुस्थान फिल्म कंपनीतील भागीदारांशी मतभेद होऊन फाळके उद्विग्न झाले, चित्रपटातून निवृत्त होत असल्याचे त्यांनी जाहीर केले आणि कुटुंबासह ते काशीला जाऊन राहिले. ज्या नगरीची कथा सांगून त्यांनी भारतीय चित्रपट जन्माला घातला, त्याच नगरीत ते चित्रपट सोडून आले होते. तेथे त्यांनी केले काय, तर ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले. रोज सकाळी त्या पायऱ्यांवर तो उजेड पडत असेल आणि या माणसाच्या हाती लेखणी असेल. १९२२ साली ते परत नाशिकला आपल्या जुन्या उद्योगात रुजू झाले.

याच काळात कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी विल्यमसनचाच नमुना समोर ठेवून स्वतःचा कॅमेरा घडविला आणि त्यावर १९२० साली ‘सैरंध्री’ पूर्ण केला. या घडणीत विष्णुपंत दामले त्यांच्या हाताखाली होते. पुढे दामल्यांनी सहकाऱ्यांसह ‘प्रभात’ काढली, ‘प्रभात’ पुण्याला आली, आणि ती बंद पडल्यावर तिच्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. हा धागा लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा काशीला जाणार आहे.

१९५६ साली सत्यजित राय ‘अपराजितो’साठी काशीला आले तोवर बरेच काही पालटले होते. फिल्मला तांबडा रंग दिसू लागला होता. म्युनिकच्या आर्नोल्ड व रिख्टर कंपनीने, म्हणजेच आजच्या आरीने, १९३७ साली आरिफ्लेक्स नावाचा हलका कॅमेरा काढून एक मोठाच अडसर दूर केला होता. त्याच्या शटरवर आरसा बसविलेला होता आणि शटर फिरत असता लेन्समधले चित्र थेट छायालेखकाच्या डोळ्यापर्यंत पोचत होते. फाळक्यांना जे अंदाजाने करावे लागे ते आता पाहून करता येऊ लागले. खांद्यावर कॅमेरा घेऊन गर्दीत शिरणेही शक्य झाले. आधुनिक चित्रपटाने रस्त्यावर जी धाव घेतली तिच्या मागे या आरशाचा वाटा फार मोठा आहे.

तरीसुद्धा काशीतले घर काही कॅमेऱ्याला पेलले नाही. ‘अपराजितो’तील हरिहर ज्या वाड्यात बिऱ्हाड करून राहतो, तो वाडा कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधलेला आहे. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी तो उभा केला. पावसाळ्याच्या भीतीने उघड्यावर बांधणे टाळले. छायालेखक सुब्रत मित्र यांचा याला विरोध होता, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. काशीच्या वाड्यात चारी बाजूंना खोल्या आणि मध्ये चौक असतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतून वाढलेल्या कोणालाही तो उजेड ठाऊक आहे: तो वरून आभाळातून झिरपतो, त्याला दिशा नसते, त्याने सावली पडत नाही. स्टुडिओतले दिवे म्हणजे प्रत्येक माणसामागे दोन-दोन काळ्या सावल्या. ते आभाळ स्टुडिओत आणावयाचे कोठून?

वादात मित्र हरले आणि मग त्यांनी जे केले ते चित्रपटसृष्टीच्या इतिहासात नमूद झाले आहे. चौकाच्या वर त्यांनी पांढरे कापड ताणून बसविले आणि दिव्यांची तोंडे नटांकडे न करता त्या कापडाकडे केली. कापडावर आपटून उजेड खाली आला तो अगदी आभाळासारखा. या मनुष्याने काही वर्षांपूर्वी ‘पथेर पांचाली’ सुरू केला तेव्हा चलच्चित्राचा कॅमेरा हाती धरण्याची त्याची ती पहिली वेळ होती आणि वय होते एकवीस. स्वीडनचे विख्यात छायालेखक स्वेन निकविस्ट हीच रीत १९६१च्या सुमारास बर्गमनच्या चित्रपटात वापरू लागले आणि बराच काळ तिचे श्रेय त्यांच्याकडे जात राहिले. १९५७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ‘अपराजितो’ला सुवर्णसिंह मिळाला. त्या सिंहाच्या आयाळीत त्या कापडाचा एखादा धागा नक्कीच गुंतलेला असणार.

हे मी विस्ताराने सांगितले याला कारण आहे. ‘अपराजितो’तला तो चौक पाहताना कोणालाही उत्तम कॅमेऱ्याची आठवण होत नाही. फिल्म मंद होती, तिची अंधार-उजेड पेलण्याची शक्ती बेताची होती. ही उणीव कापडाने भरून काढली. यंत्राची सुधारणा होण्याआधी माणसाने उजेडाचीच सुधारणा केली.

पुढच्या काळातील परदेशी पाहुण्यांचा उल्लेख मी थोडक्यात करतो. रॉबर्ट गार्डनर यांचा ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’ १९८६ साली आला. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतची काशी त्यात आहे आणि भाष्याचा एक शब्द नाही. रॉन फ्रिक यांचा ‘बराका’ १९९२ सालचा. त्यासाठी नेहमीच्या जवळजवळ दुप्पट रुंद फिल्मचा कॅमेरा देशोदेशी आणि काशीलाही नेला होता. पुढे त्या निगेटिव्हचे डिजिटल रूपांतर आठ हजार बिंदूंच्या रुंदीने केले तेव्हा फिल्मवर केवढा तपशील दडलेला असतो याची लोकांना नव्याने जाणीव झाली. आठ हजारांची नवलाई सांगणाऱ्या आजच्या जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता डिजिटल कॅमेऱ्यांकडे वळू. त्यांची कल्पना सोपी आहे. फिल्मच्या जागी सिलिकनची एक चकती असते, तिला संवेदक म्हणतात. तिच्यावर प्रकाश झेलणाऱ्या लक्षावधी बारीक वाट्या असतात असे समजा. प्रत्येक वाटीत किती प्रकाश साठला ते सेकंदातून चोवीस वेळा मोजावयाचे आणि लिहून ठेवावयाचे. प्रकाश कमी पडला तर तळाशी नुसती खरखर उरते. प्रकाश जास्त झाला तर वाटी भरून वाहते आणि तेथे चित्रात पांढरे भोक पडते. फिल्मचे तसे नव्हते; ती झगझगाटापुढे हळूहळू नमे. पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यांचा हा दोष जुन्या छायालेखकांना असह्य होई, आणि त्यांचा तो हट्ट मी कधीच चुकीचा मानला नाही.

२००७ साली अमेरिकेत रेड वन आला. गॉगल विकून श्रीमंत झालेल्या जिम जनार्ड यांनी तो काढला होता. किंमत साडेसतरा हजार डॉलर आणि चित्राची रुंदी चार हजार बिंदू. तोवर असे यंत्र भाड्यानेच आणावयाची रीत होती. आता एखाद्या होतकरू मंडळीला ते विकत घेण्याचे स्वप्न पडू लागले. याचे श्रेय रेडला मोकळ्या मनाने दिले पाहिजे. पुढच्याच वर्षी ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी मुंबईच्या झोपडपट्टीत अँथनी डॉड मँटल एक चिमुकला डिजिटल कॅमेरा हातात घेऊन धावले, चित्र नोंदविण्याचे यंत्र वेगळे होते आणि ते पाठीवरच्या पिशवीत. छायालेखनाचे ऑस्कर मुख्यतः डिजिटल पद्धतीने चित्रित झालेल्या चित्रपटाला त्यामुळे पहिल्यांदा मिळाले. २०१० साली आरीने अलेक्सा बाजारात आणला. त्यानंतर एकदोन वर्षांतच मोठ्या कंपन्यांनी नवे फिल्म-कॅमेरे बनविणे थांबविले, आणि २०१३मध्ये फुजीने चित्रपटाची फिल्मही बंद केली. एवढी मोठी उलथापालथ इतक्या अल्प काळात कोणत्याही कलेत क्वचितच झाली असेल.

आता एक मौज पाहा. रेडची रुंदी चार हजारांची, आणि त्याच्या तीन वर्षांनी आलेल्या, अधिक महाग अशा अलेक्साची फक्त दोन हजार आठशे ऐंशी. बैलाचे दात मोजणाऱ्याने रेडच घ्यावा. तरीही जगातील थोर छायालेखकांनी अलेक्साला पसंती दिली. कारण त्याच्या वाटीची खोली. छायालेखक प्रकाशाचे माप ‘स्टॉप’मध्ये करतात, दर स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो. अलेक्साला चौदा स्टॉप पेलत, म्हणजे ज्या काळोखात जेमतेम काही दिसते त्याच्या सोळा हजार पट उजळ वस्तूही त्याच चित्रात शाबूत राही. यासाठी आरीच्या अभियंत्यांनी एक नामी युक्ती केली. प्रत्येक वाटीतला प्रकाश ते दोनदा मोजतात, एकदा सावलीच्या काट्याने आणि एकदा उन्हाच्या काट्याने, आणि मग दोन्ही मापे सांधतात. किराणा दुकानदार केशर एका तराजूत आणि गूळ दुसऱ्या तराजूत तोलतो, तसेच हे. शिवाय उन्हाच्या बाजूला चित्र फिल्मसारखे हळूहळू विरत जाईल असे त्यांनी पाहिले. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून, अलीकडचा अंधार आणि पलीकडचा झळाळता घाट एकाच चौकटीत घेण्याची हिंमत देणारा डिजिटल कॅमेरा मला तरी हाच पहिला वाटतो. २०२२ साली आलेल्या अलेक्सा ३५ने ही मजल सतरा स्टॉपपर्यंत नेल्याचे आरी सांगते. त्याचे गुणोत्तर एक लाख एकतीस हजारांवर जाते.

सोनीची वाट वेगळी. व्हेनिस २०१७ साली जाहीर झाला. त्याला दोन प्रकृती आहेत, एक दिवसाची आणि एक रात्रीची. कळ दाबली की संवेदक पाचपट तीव्र होतो आणि तरी खरखर फारशी वाढत नाही. २०२१ साली जाहीर झालेल्या दुसऱ्या व्हेनिसमध्ये ही तीव्रता आणखी वाढली. याखेरीज त्याचा डोळा धडापासून वेगळा काढून तारेने जोडता येतो. काशीच्या गल्लीत समोरून बैल आला की माणसाला भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते; तेथे ही सोय किती मोलाची आहे हे वेगळे सांगावयास नको. आगीची परीक्षा मात्र निराळी. सिलिकन हे जात्याच तांबड्या प्रकाशाला फार जागे असते, फाळक्यांच्या फिल्मच्या नेमके उलट. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांत ज्वालेची तांबडी वाटी सर्वांआधी भरून वाही आणि आग पिवळट, चुन्यासारखी दिसू लागे. रेड वन दिव्याच्या पिवळ्या उजेडात निळ्या रंगात खरखर करी, हेही त्याचे एक दुखणे होते. दुसरे दुखणे पुष्कळ डिजिटल कॅमेऱ्यांना होते: त्यांचा संवेदक चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचतो, म्हणून दशाश्वमेधावरील आरतीत वेगाने फिरणारी दीपमाळ तिरकी झाल्यासारखी दिसावयाची. रेडने पुढे पुष्कळ सुधारणा केली. २०२४ साली त्यांनी सारे चित्र एकाच क्षणी वाचणारा संवेदक आपल्या उत्तम कॅमेऱ्यात घातला, आणि त्याच वर्षी ती कंपनी निकॉनने विकत घेतली. मला एकच निवडावयास सांगाल तर दिवसाच्या काशीसाठी मी अलेक्सा मागेन, आणि रात्रीच्या काशीसाठी व्हेनिस मागताना थोडा कचरेन. का ते सांगतो.

आजवर स्मशानात रात्री चित्रण करावयाचे तर दिवे लावावे लागत. दिवे आले की जनरेटर आला, माणसे आली, परवानगी आली. ज्यांचे माणूस जळते आहे त्यांना निदान कळत असे की आपल्याकडे कोणी पाहत आहे, आणि नको म्हणण्याचा अधिकार त्यांना राही. मणिकर्णिकेवर छायाचित्रे घेऊ नयेत असा तेथील लोकांचा आग्रह असतो तो याचसाठी. आता चितेच्याच उजेडात, दूर अंधारात नाव थांबवून, शोक करणाऱ्याच्या गालावरचे पाणी स्पष्ट टिपता येते. कॅमेऱ्याच्या मंदपणाने जी मर्यादा आपोआप पाळली जात होती, ती आता कॅमेरा धरणाऱ्याला स्वतः पाळावी लागते. काशीने कॅमेऱ्याला अडविल्याची उदाहरणे आहेत आणि ती सारीच भूषणास्पद नाहीत. २००० साली दीपा मेहतांच्या ‘वॉटर’चे देखावे जमावाने मोडून टाकले आणि तो चित्रपट शेवटी श्रीलंकेत पुरा करावा लागला. कलावंताला अशा रीतीने हुसकावणे मला मान्य नाही. परंतु शोक करणाऱ्याचा नकार आणि जमावाचा नकार यांतला भेद ओळखण्याची जबाबदारी यंत्राने आपल्यावर टाकली आहे, हे खरे.

या जबाबदारीचे भान असलेला चित्रपट म्हणून मी २०१५च्या ‘मसान’कडे पाहतो. दिग्दर्शक नीरज घेवान. छायालेखक अविनाश अरुण, ज्यांचा ‘किल्ला’ हा मराठी चित्रपट आदल्या वर्षी बर्लिनमध्ये गौरविला गेला होता. अविनाश अरुण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, म्हणजे बाबूराव पेंटरांच्या घरच्या कॅमेऱ्यापासून निघालेला तो धागा येथे घाटावर पोचतो. कथेचा तरुण नायक डोंब कुटुंबातला आहे, प्रेते जाळण्याचे काम करणारा. एका रात्री अपघातात गेलेल्या यात्रेकरूंची प्रेते एकामागून एक येतात आणि एका हातातली अंगठी तो ओळखतो. फाळक्यांच्या कथेत राजा डोंबाचा चाकर होऊन आपल्याच मुलाच्या प्रेतापाशी उभा राहिला होता. एकशे दोन वर्षांनंतर डोंबाचाच मुलगा आपल्या प्रेमाच्या प्रेतापाशी उभा आहे. ज्वाळा तांबड्याच दिसतात, त्यांच्या उजेडात चेहरा दिसतो, भोवतालचा अंधार अंधारच राहतो. कॅमेरा कोणत्या कंपनीचा आहे हा विचार पाहताना मनात येत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि तुलनेच्या तक्त्यांत ती कधीच नसते. हे सारे टिकणार कसे? पहिल्या अलेक्साचे न आवळलेले एक चित्र सुमारे सात मेगाबाइटचे होते; तासाभराच्या चित्रणाला सहाशे गिगाबाइट जागा लागे. ज्या पत्रीवर चित्र उमटते ती दुसऱ्या जागी उतरवून घेतली की पुसून पुन्हा कॅमेऱ्यात घालतात. मूळ असे काही उरतच नाही, नकलाच उरतात, आणि त्या नकला दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवीत राहाव्या लागतात. ज्या वर्षी कोणी विसरेल त्या वर्षी चित्रपट जाईल. फिल्मही अमर नव्हतीच. फाळक्यांच्या असंख्य चित्रपटांतले फार थोडे वाचले. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केली आहेत ती १९१३ची की फाळक्यांनीच १९१७मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत वाद आहे.

१९९३च्या जुलैत लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि तेथे ठेवलेल्या सत्यजित राय यांच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. त्या निकामी ठरल्या, पण कोणी टाकून दिल्या नाहीत. अमेरिकेच्या अकादमीच्या संग्रहात त्यांचे तुकडे वीस वर्षे पडून होते. मग इटलीतील बोलोन्या येथे त्या ठिसूळ, वाकड्या फिती पुन्हा ओलसर करून, चिकटलेला गोंद हाताने काढून, शेकडो तास खपून त्या मोकळ्या केल्या. ‘अपूर संसार’ची निगेटिव्ह वापरण्याजोगी उरली नव्हती. ‘पथेर पांचाली’ची चाळीस टक्के लागली आणि काशीच्या ‘अपराजितो’ची साठ टक्क्यांहून अधिक. २०१५च्या मे महिन्यात तो सांधलेला ‘अपराजितो’ न्यूयॉर्कमध्ये पुन्हा पडद्यावर आला: तोच चौक, तेच कापडावरून उतरलेले आभाळ, हरिहर जाताच घाटावरून उडणारी तीच कबुतरे. त्याच मे महिन्यात फ्रान्सच्या कान महोत्सवात ‘मसान’ पहिल्यांदा दाखविला जात होता.